मयताच्या कार्डावर कोटी

“ताई, हे काय लिवलंय? मयताच्या कार्डावर कोट्या करताय व्हय?”

२०२२ सालचा जानेवारी. माझ्या काउंटरसमोर एक गृहस्थ हातात प्रूफ धरून उभे होते. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आवाज चढलेला. त्यांचा थोरला भाऊ जाऊन पाच दिवस झाले होते. पंचगंगेवर रक्षाविसर्जन उरकून घरची माणसं उत्तरकार्याच्या तयारीला लागली होती. कार्डाचा मजकूर पुतण्यानं आदल्या संध्याकाळी माझ्यावर सोपवला होता. “ताई, नेहमीचं ‘दुःखद निधन’ नको. दादांचं काहीतरी लिवा,” एवढंच म्हणाला होता पोरगा. मी लिहिलं, प्रूफ काढलं, आणि ते पहिल्यांदा पडलं चुलत्यांच्या हातात.

गेलेले गृहस्थ आमच्या पेठेतले लाँड्रीवाले. कोपऱ्यावर पत्र्याची टपरी, आत फळी, फळीवर घोंगडं, त्यावर जळक्या डागांची चादर आणि कोळशाची जड इस्त्री. पुढं विजेची आली तरी पांढऱ्या कपड्यांना त्यांनी कोळशाचीच ठेवली. त्या इस्त्रीवर दोन पोरं शिकवली, घरावर स्लॅब टाकला. मी लिहिलं होतं ते असं:

‘आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची घडी घातली. त्यातूनच आमच्या संसाराची घडी बसवली. आणि एका घडीत निघून गेले.’

चुलत्यांचं म्हणणं सरळ होतं. एकच शब्द तीनदा तीन अर्थांनी आला म्हणजे कोटी झाली. कोटी झाली म्हणजे विनोद झाला. आणि बारावंही न झालेल्या माणसावर लोक हसले, तर त्या घरानं तोंड कुठं दाखवायचं?

मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. भावाची अब्रू जपत होते ते. पण त्या दिवशी मला त्यांना उत्तर देता आलं नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. ही ओळ हसण्यासाठी नाही हे आतून पक्कं माहीत होतं. का नाही, ते तोंडातून निघेना. “लोक हसले तर सगळी कार्डं पदरमोड करून परत छापून देतो,” एवढंच मी म्हणाले. ते प्रूफ घेऊन निघाले. “वैनी काय म्हणती बघू,” म्हणाले. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्यांच्या मागोमाग गेले. ते पुढं सांगते.

आधी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं सांगायला हवं. शब्दांशी कसं वागायचं ते मी त्यांच्याकडून शिकले.

आज आमचं दुकान म्हणजे डीटीपी, झेरॉक्स, पत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन. अण्णांच्या वेळी तो छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केस, शाईचा वास. शाळा सुटली की मी केसपुढच्या स्टुलावर. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, स्टिकमध्ये, म्हणजे जुळणीच्या हातपट्टीत ओळही उलटीच जुळते, आणि अण्णा ती सरळ असल्यासारखी झरझर वाचायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची तर तिथंही शिसंच घालावं लागे. अक्षर नसलेला बुटका तुकडा, त्याला स्पेस म्हणायचं. आता बोटानं पट्टी दाबली की जागा सुटते. तेव्हा रिकामी जागासुद्धा चिमट्यानं उचलून बसवायची वस्तू होती. तिला वजन होतं.

श्लेष अलंकार शिकवला त्या दिवशी घरी येऊन मी अण्णांना ती ओळ म्हणून दाखवली. व्याकरणाच्या पुस्तकांत हटकून असते ती: ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी.’ अण्णांनी काही न बोलता स्टिक उचलली. ‘नवरी’ जुळवलं आणि माझ्यापुढं धरलं. मग चिमट्यानं ‘न’च्या पुढं एक पातळ स्पेस सरकवली आणि परत धरलं.

“एवढ्याशा शिशावर तिचं सगळं आयुष्य हाय,” म्हणाले.

मी त्या तुकड्याकडे बघत बसले. नखाएवढाही नव्हता. तेवढ्यावर एका मुलीचा होकार आणि नकार. तीच अक्षरं, तोच क्रम. एकासाठी ती नवरी, दुसऱ्याला ती न वरी. रुक्मिणीला दोन्ही म्हणायचंय. त्यातला एकही अर्थ तिच्या मनाविरुद्ध नाही. वर्गात बाईंनी ओळ सांगितली तेव्हा पोरं हसली होती, कारण बाई सुरात म्हणाल्या होत्या. अण्णांच्या हातात ती ओळ बघताना माझ्या अंगावर काटा आला.

त्याच स्पेसनं पुढं एकदा दगा दिला. एका संघटनेच्या मेळाव्याचं हँडबिल होतं. मथळा मोठ्या टायपात, ओळ भरत आलेली. ‘कामगार मेळावा’ हा मजकूर असा मोडला गेला की ‘काम’ वरच्या ओळीत राहिलं आणि ‘गार मेळावा’ खाली उतरला. हजार प्रती छापून झाल्यावर कळलं. न्यायला आलेली मंडळी पोट धरून हसली. “अण्णा, काम गारच हाय म्हणा आमचं,” असंही कुणीतरी म्हणालं. अण्णांनी रात्री जागून स्वतःच्या कागदावर हजार प्रती परत छापल्या. हसण्यावारी न्यायचं त्यांना जमायचं नाही. आपल्या दुकानातून दुसऱ्याच्या नावावर खोटं निघालं, असं त्यांना वाटलं होतं.

खोटं. हा शब्द मला फार उशिरा उमगला. ‘न वरी’मध्ये मोकळ्या जागेनं रुक्मिणीच्या मनातलंच बाहेर काढलं. ‘काम गार’मध्ये मात्र जो अर्थ आला तो त्या माणसांचा नव्हता. बारा-बारा तास साच्यावर उभी राहणारी माणसं ती. नको तो पाहुणा पंगतीत येऊन बसावा तसा तो अर्थ येऊन बसला. तो तिथला नाही हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून हसू फुटलं. मला वाटतं, फरक तिथंच आहे. शब्दातून निघालेला दुसरा अर्थ परका असला, खोटा असला, की आपण हसतो. दोन्ही अर्थ खरे असले, दोघांचंही त्या जागी काम असलं, की आपण हसत नाही. आपण थांबतो.

शाळेतली बाकीची उदाहरणं आठवून बघा. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस.’ जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे आयुष्य. जूनअखेर आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यापुढं ही ओळ म्हणा, तो हसेल का? ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ मित्र म्हणजे सूर्यही. ‘शंकरास पुजिले सुमनाने’, म्हणजे फुलानं की चांगल्या मनानं? दोन्हींनी. यातलं एकही वाक्य विनोदी नाही, आणि ही सगळी श्लेषाची उदाहरणं म्हणून आपण पाठ केली आहेत. मग आपलं डोकं हे कधी विसरलं? श्लेष हा अलंकार आहे आणि हास्य हा रस. दोघांची घरंच वेगळी. रस नऊ, त्यातला हास्य एक. अलंकार कुठल्याही रसाच्या अंगावर घालता येतो, मग करुणाच्या अंगावर का नाही? आणि ‘श्लेष’ या शब्दाच्या मुळाशी बिलगणं आहे. आश्लेष म्हणजे मिठी. दोन अर्थ एका शब्दात एकमेकांना मिठी मारून उभे असतात. मिठी लग्नात मारतात तशी मयतातही मारतात.

आमच्या धंद्यात मात्र हल्ली चलाख ओळ म्हटली की गिऱ्हाइकाला पंचच हवा असतो. “ताई, जरा कॉमेडी येऊ दे.” वाढदिवसाचा फ्लेक्स असो, रिक्षाच्या मागची ओळ असो. कोल्हापूरचं माणूस बोलण्यात तयार आहेच. मिसळीच्या टेबलावर, तालमीच्या कट्ट्यावर शब्दाला शब्द लागतो आणि ऐकत राहावंसं वाटतं. त्याचा मला अभिमान आहे. माझी तक्रार एवढीच की शब्दाचं कसब फक्त तेवढ्याच कामाला उरलं आहे.

इथून वीसेक किलोमीटरवर पन्हाळा. मोरोपंत पराडकर तिथं जन्मले, १७२९ साली. पुढं ते बारामतीला गेले आणि १७९४ साली तिथंच वारले, म्हणून त्यांना बारामतीचे म्हणतात. पण जन्म आमच्या पन्हाळ्याचा. शब्दांचं असं कसब असलेला माणूस मराठीत दुसरा शोधावा लागेल. त्यांनी रामायणं रचली ती एकशेआठ, अशी ख्याती. त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. ज्या अक्षरांना ओठ मिटावे लागतात ती अक्षरं त्यात घ्यायची नाहीत. प, फ, ब, भ, म बाद. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुकानात बसून ओठांमध्ये बोट धरून ‘राम’ म्हणून बघितलं. ‘रा’ निघाला, ‘म’ अडला. म्हणजे सगळी कथा रामाची आणि त्याच कथेत रामाचंच नाव घ्यायची सोय नाही. दिवसभर डोक्यातून ते गेलं नाही.

निरोष्ठ रामायण मला पोटात शिरून भिडत नाही, हेही सांगते. ती ताकदीची कसरत आहे, मल्लानं जोर मारावेत तशी. पण त्याच माणसाची केकावली घ्या. मोरोपंत म्हणजे मयूर. मयूराची हाक ती केका. म्हाताऱ्या माणसानं देवाला मारलेल्या आर्त हाकांच्या या काव्याला त्यानं नाव दिलं केकावली. आपल्या नावावरच शब्द खेळवला! ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’ हे आपण शाळेत हात जोडून म्हटलं ते त्यातलंच. दोनशे वर्षांवर झाली, त्या नावाला कुणी हसलेलं नाही. कारण त्यातही दोन्ही खरं आहे. तो मोरोपंत होता आणि तो आभाळाकडे बघून हाक मारत होता.

अण्णांच्या गावच्या यात्रेत लहानपणी भेदिक, म्हणजे शाहिरांची कोड्यांची गाणी ऐकलीत. कलगीवाले एकीकडे, तुरेवाले एकीकडे, डफ-तुणतुण्यावर रात्रभर सवाल-जवाब. शक्ती मोठी की शिव मोठा, यावर कोंडाकोंडी. एखादा सवाल असा पडायचा की समोरचा शाहीर डफ खाली ठेवून विचारात बुडायचा आणि सगळं मैदान गप. थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली म्हातारी माणसं पुढं सरकायची. मग उकल झाली की मांडीवर थाप आणि “ह्याला म्हंत्यात!” ते हसणं नव्हतं. पण आनंद मात्र होता, हे नाकारता येणार नाही, आणि इथं माझं मत जरा अडखळतं. मुक्ताबाईंचा कूट अभंग आहे ना, ‘मुंगी उडाली आकाशी, तिणे गिळिले सूर्यासी’, त्याच्या शेवटी त्या म्हणतात, ‘माशी व्याली घार झाली, देखोनि मुक्ताई हासली.’ म्हणजे हसू आहेच तिथं. पण ते हसू कुणावर नाही. गाठ सुटल्यावर श्वास सुटतो तसं ते आहे. या हसण्याला कोटीवरच्या हसण्याचंच नाव द्यावं लागतं, एवढी आपली भाषा इथं तोकडी पडते.

आता त्या घरी जाऊ.

सोप्यात बायका बसलेल्या. कोपऱ्यात फोटो, त्यापुढं समई. त्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चुलते म्हणाले, “वैनी, हे बघ. नको असंल तर सांग, दुसरं लिवून घिऊ.” त्यांनी हात पुढं केला. कुणीतरी म्हणालं, मी वाचून दाखवते. “मी वाचतो की,” त्या म्हणाल्या. (आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी वाचतो’ असंच म्हणतात. बोलताना मीही म्हणते, लिहिताना तेवढं ‘वाचते’ होतं.) चौथी शिकलेल्या. ओठ हलवत, शब्दाखाली बोट धरत वाचलं. एकदा वाचून झालं. परत पहिल्यापासून वाचलं. ‘एका घडीत’ या शब्दांवर बोट थांबलं.

“च्या ठेवलावता मी,” त्या म्हणाल्या. आम्हाला की स्वतःला, कळलं नाही. “छातीत दुखतंय म्हनाले. रिक्षा आली, दवाखान्याच्या दारात पोचलो. डाक्टर म्हनाले, संपलं. वीस-पंचवीस मिंटं झाली असतील सगळी.”

मी गप्प उभी होते. डोक्यात एकच गोष्ट आली. घडी म्हणजे घटका, आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटं. पत्रिकांमध्ये मुहूर्त छापून छापून हा हिशेब मला पाठ आहे. लिहिताना मी ‘एका घडीत’ हे ‘क्षणात’ या अर्थानं लिहिलं होतं. ते इतकं शब्दशः खरं निघेल हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी तो कागद मांडीवर पालथा घातला. डावी कड आत घेतली, उजवी कड आत घेतली, खालची बाजू वर आणली. शर्टाची घडी घालतात अगदी तशी. प्रत्येक घडीवर अंगठ्याचं नख दाबून ओढलं, इस्त्री फिरवावी तसं. हे त्यांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. हातांना तेवढंच माहीत होतं. घडी घातलेला कागद त्यांनी चुलत्यांच्या हातात दिला.

“ऱ्हाऊ दे. खरं हाय ते.”

चुलत्यांनी पुढं एक शब्द काढला नाही. कार्डं तशीच छापली.

यावरून मी मयताच्या प्रत्येक कार्डावर शब्द फिरवते असं कुणी समजू नये. उलट त्या दिवसापासून मी जास्त जपून वागते. काही महिन्यांनी एका वायरमनच्या मित्रांनी फ्लेक्सचा मजकूर आणला होता. खांबावर काम करताना गेलेला जवान माणूस. मित्रांनी मोठ्या मायेनं लिहिलं होतं, ‘घराघरात उजेड पाडणारा आमचा वाघ.’ पोरं रडत होती. त्यांना दिसतच नव्हतं. मराठीत ‘उजेड पाडणं’ म्हणजे काय, हे ज्याला घरात कधी ना कधी ऐकावं लागलंय त्याला विचारा. “काय उजेड पाडलास?” मी म्हटलं, हे बदलू या. एक जण म्हणाला, “मग ‘दिवे लावले’ लिहा.” तेही नाही चालत! “काय दिवे लावलेत बघा चिरंजीवांनी.” मुलगा दिवटा म्हटला की संपलंच. मी रात्रभर विचार करत होते, आपल्या भाषेनं उजेडाचे एवढे शब्द टोमण्यांना का देऊन टाकले? एखाद्यानं खरोखर उजेड दिला तर त्याला म्हणायचं काय? तिथं दुसरा अर्थ त्या पोराचा नव्हता. तो वाचणाऱ्याच्या मनात आपोआप आला असता, आणि चौकात कुणीतरी गालातल्या गालात हसलं असतं. शेवटी मी कुठलाही श्लेष न घालता साधं लिहिलं: ‘पावसातल्या रात्री तू खांबावर होतास, म्हणून आम्ही घरात निवांत होतो.’ मित्रांनी मान डोलावली. शब्द खेळवायचा नाही हेही कधी कधी शब्दाचंच काम असतं.

पुढची गोष्ट २०२३ सालची. पण त्याच्या आधी २०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव एका गावाचा, पण चर्चा घरोघरी झाली. आमच्या पेठेतही झाली. ठरावानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टी बायका नुसत्या मनात म्हणायच्या, त्या तोंडानं म्हणायला आधार मिळाला.

तर त्या बाई दुकानात आल्या, थोरल्याच्या लग्नाची पत्रिका छापायला. बरोबर चुलतेच. नवऱ्याची टपरी आता त्याच चालवतात. उजव्या हाताच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. मी नेहमीप्रमाणं निमंत्रक म्हणून चुलत्यांचं नाव टाइप करायला लागले, तर चुलते म्हणाले, “थांबा ताई. आधी वैनीचं घाला. माझं खाली.” मी घातलं. मुलाच्या नावाखाली कै. वडिलांचं नाव, आणि निमंत्रकांत पहिलं नाव आईचं.

सगळं झाल्यावर चुलते बाहेर मोटरसायकलपाशी गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “ताई, हळदीला बायका नाव घ्या म्हंतील. घ्यावं का वो मी?”

मी म्हटलं, “का नाही?”

“मग तुम्ही द्या की लिवून. तसलंच, त्या कार्डावानी.”

उखाणा ही आपल्याकडची किती जुनी युक्ती आहे! नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून ते ओळीच्या पोटात लपवून काढायचं. माझ्या आईनं आयुष्यभर अण्णांना नावानं हाक मारली नाही. ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलं ते फक्त उखाण्यात. अण्णा गेल्यावर तिला कुणी नाव घ्यायला सांगितलं नाही. मग ते नाव तिच्या तोंडून पुन्हा कधीच आलं नाही. त्या बाई दुकानातून गेल्यावर मी बराच वेळ त्याच विचारात होते. निरोष्ठ रामायण मला एरवी पोटातून भिडत नाही म्हटलं, पण त्या दिवशी ते आठवलं.

रात्री मी तीन उखाणे केले. मात्रा मोजून, यमक जुळवून. दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन वाचून दाखवले. इस्त्री स्टँडवर उभी करून त्यांनी तिन्ही नीट ऐकले. “चांगलं हायत,” म्हणाल्या. “पण तुमचं हायत ताई. माझ्या तोंडात बसंनात.” आणि परत इस्त्री फिरवायला लागल्या. मला वाईट वाटलं नाही. खरं होतं ते.

हळदीला मी गेले होते. मांडव भरलेला, पोरं पिवळी झालेली, जात्याभोवती बायकांचा गलका. एकेकीला धरून नाव घ्यायला लावत होत्या. शिंकाळं, कपबशी, महादेवाची पिंडी, रंकाळ्याचं पाणी, सगळं येऊन गेलं, हशा झाला. मग कुणीतरी म्हणालं, आता वरमाईनं घ्यायचं. म्हणालं आणि लगेच गप्प झालं, चूक झाल्यासारखं. क्षणभर कुणी काही बोलेना. त्या उठल्या. हाताची हळद पदराला पुसली आणि खाली बघत म्हणाल्या:

“कापडाची घडी, संसाराची घडी, घडीभराची साथ,
…रावांचं नाव घेतो, अजून गरम हाय हात.”

नाव मी इथं लिहीत नाही. मांडवात मात्र ते स्वच्छ ऐकू आलं. पाण्याची घागर घेऊन चुलते दारातून आत येत होते, ते घागरीसकट तिथंच थांबले. मी बायकांच्या तोंडांकडे बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी डोळ्याला पदरही लावला नाही. नुसत्या बघत होत्या तिच्या हाताकडे. मग गेलेल्या माणसाची बहीण, तिची नणंद, मागून पुढं आली. “वैनी, परत घ्या की. मला पाठ करायचाय.”

तिनं परत घेतला. या वेळी मान वर करून, जरा मोठ्यानं.